मॅक्रोतला लूप कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : केळी खरेदीच्या एक्सेल शीटमधून वजन न टाकलेल्या ओळी काढायला मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहिला. तो चालवल्यावर काही रिकाम्या ओळी तशाच राहतात. पुन्हा चालवला की त्यातल्या काही जातात. फॉर लूप, म्हणजे तेच काम एकेका ओळीवर पुन्हा पुन्हा करणारा भाग, ओळी गाळतो का? (रावेर)

उत्तर : लूप काही गाळत नाही, ओळीच वर सरकतात. सातवी आणि आठवी, दोन्ही ओळी रिकाम्या आहेत असं धरा. सातवी डिलीट झाली की आठवी सातव्या जागी येते, पण लूप तोवर आठवर गेलेला असतो. ती ओळ तपासलीच जात नाही. म्हणून शेवटाकडून वर या :

फॉर आय = शेवट टू 2 स्टेप -1
इफ ट्रिम(सेल्स(आय, 5).व्हॅल्यू) = "" देन रोज(आय).डिलीट
नेक्स्ट आय

यात 'आय' म्हणजे ओळीचा क्रमांक, आणि वजन पाचव्या रकान्यात धरलं आहे. पुढची-मागची स्पेस काढणारा 'ट्रिम' हवाच, कारण चुकून स्पेसबार दाबलेला सेल डोळ्यांना रिकामा दिसतो, एक्सेलला नाही. 'शेवट', म्हणजे शेवटच्या ओळीचा क्रमांक, काढताना तारखेचा रकाना घ्या. वजनाच्या रकान्यावरून काढलात आणि नेमकी शेवटचीच वजनं राहिली असतील, तर त्या ओळींपर्यंत लूप पोचणारच नाही.

सरळ लूप ठेवून डिलीटनंतर 'आय = आय - 1' लिहा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फॉर लूपची शेवटची मर्यादा सुरुवातीला एकदाच ठरते. ओळी कमी झाल्या की लूप डेटाखालच्या कोऱ्या ओळींवर येतो, त्याही 'रिकाम्या'च असतात, आणि मॅक्रो त्या डिलीट करत कायमचा तिथेच फिरत राहतो.

आणि फाईलची प्रत काढूनच मॅक्रो चालवा. मॅक्रोने केलेलं डिलीट कंट्रोल-झेडने परत येत नाही.

प्रश्न : कापसाच्या काटा पावत्यांचा हिशेब करणारा मॅक्रो हंगामाच्या सुरुवातीला नीट चालला. आता 'ओव्हरफ्लो' म्हणून थांबतो. (धरणगाव)

उत्तर : ओळ मोजणारं व्हेरिएबल (मॅक्रोत आकडा ठेवायची जागा) 'इंटिजर', म्हणजे छोट्या पूर्णांकांच्या प्रकारचं असणार. त्यात 32,767 पर्यंतच आकडा मावतो आणि पावत्या त्यापुढे गेल्या की मॅक्रो थांबतो. मोठे पूर्णांक मावणारा 'लाँग' प्रकार करा. एक्सेल 2007 पासून शीटमध्ये 10,48,576 ओळी असतात, त्या सगळ्या लाँगमध्ये बसतात.

गुणाकारही बघा. 8 क्विंटल गुणिले 7,000 दर म्हणजे 56,000. वजन आणि दर दोन्ही इंटिजर असले, तर उत्तर ठेवायची जागा लाँग असूनही हीच एरर येते, कारण गुणाकार आधी इंटिजरमध्येच होतो.

याहून वाईट चूक एरर न देता होते. इंटिजरमध्ये टाकलेलं 8.5 क्विंटल गुपचूप 8 होतं, म्हणजे शेतकऱ्याचा 50 किलो कापूस हिशेबातून गेला. वजन 'डबल' आणि रक्कम 'करन्सी' या अपूर्णांक मावणाऱ्या प्रकारांत ठेवा, आणि जुन्या पावत्या याच नजरेने पुन्हा तपासा.

प्रश्न : डू व्हाईल लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारा) लावला की एक्सेल गोठतं. (अमळनेर)

उत्तर : 'आय = आय + 1' ही ओळ बहुधा 'इफ'च्या आत गेली आहे. अट जुळली नाही की आय वाढत नाही आणि लूप त्याच ओळीवर राहतो. ती 'एंड इफ'च्या खाली, 'लूप'च्या लगेच वर घ्या. अडकलेला मॅक्रो एस्केप किंवा कंट्रोल-ब्रेकने थांबतो. नंतर एफ-8 दाबत एकेक ओळ चालवा आणि प्रत्येक फेरीत आयवर माऊस नेऊन आकडा वाढतोय का ते पाहा.