फायबरच्या छोट्या बोटीवर स्क्रूने बसवलेले रॉड होल्डर (मासेमारीचा रॉड खोचून ठेवायच्या नळ्या) दोनदा उपटले. आता आणखी जाड स्क्रू लावू का?

नका लावू. तेही उपटतील आणि भोक आणखी मोठं करून जातील. काठावरचं फायबर जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं, स्क्रूच्या दोन-तीन आट्यांनाच काय ती पकड मिळते. त्यात रॉड म्हणजे लांबलचक तरफ. मासा टोकाला ओढतो, पण बुडाशी ताण येतो तो कितीतरी पट.

माझाही एक होल्डर असाच गेला, रॉड आणि रीळसकट. मागे चार भोकं उरली आणि त्यांच्या कडांना पांढरा भुसा. भोकात एकाही स्क्रूचा तुकडा अडकलेला नव्हता, म्हणजे स्क्रू तुटले नव्हते, फायबरनेच त्यांना सोडलं होतं. तेव्हापासून मी आरपार बोल्टच घालतो आणि खालून पट्टी देतो. ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी चालते, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं राळ) पाजलेला मरीन प्लायही (बोटींसाठीचं प्लायवूड) चालतो. होल्डरच्या बुडापेक्षा ती चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठी हवी, कोपरे गोल केलेले. आतून हात पोचत नसेल तर फिरकीच्या झाकणाची गोल खिडकी कापून बसवा. कंटाळा येतो, पण ते काम टाळू नका.

भोक पाडण्याआधी खाली वायर किंवा इंधनाची टाकी नाही ना, हे बघाच. जागेवर चिकटपट्टी लावा, ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही. मग भोकाचं तोंड किंचित उतरतं करा, त्यात सीलंटचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लुकणाचं, कडं बसतं. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असेल तर भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातून नव्याने पाडा. नाहीतर पाणी झिरपून आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही.

बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहजी सैल न होणारे) घ्या, खाऱ्या पाण्यात ३०४ प्रतीचं स्टील लवकर गंजतं. सीलंट पॉलियुरेथेनचं मरीन, बाथरूमचं सिलिकॉन नको. पहिल्या दिवशी बेताचंच आवळा, सगळं सीलंट पिळून बाहेर काढू नका. ते सुकलं की बोल्टचं डोकं धरून फक्त नट फिरवा.

आणि रॉडला दोरी बांधा. दुसरं टोक बोटीच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला), होल्डरला नाही.