राजा, पदवी आणि चौकीदाराचं आधार कार्ड

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतलं सरकार कोसळलं, तेव्हापासून या सदराकडे शेजारच्या देशांबद्दलचे प्रश्न सारखे येताहेत. ग्वाल्हेरकरांना नेपाळ तसा परका नाही. शिंद्यांच्या दोन पिढ्यांचं नेपाळच्या राणा घराण्याशी नातं, आणि रात्री गल्लीत शिट्टी वाजवणारा चौकीदारही बहुधा तिकडचाच. म्हणून निम्मे प्रश्न नेपाळचेच आहेत. पत्रं लांबलचक होती, छाटून घेतली आहेत. कंसात पत्र ग्वाल्हेरच्या कुठल्या भागातून आलं ते दिलं आहे.

प्रश्न : महाराज बाड्याच्या चौकातल्या आमच्या रोजच्या बैठकीत सगळ्यांचं एकमत आहे की नेपाळात राजा होता तेच बरं होतं. राजा गेल्यापासून तिथं सरकार टिकत नाही. मॅडम, तुमचं मत? (लष्कर)

सगळ्यांचं एकमत होणारी बैठक ग्वाल्हेरात आहे, हे वाचूनच गंमत वाटली.

तक्रार अर्धी खरी आहे. २८ मे २००८ ला राजेशाही संपली, त्यानंतर डझनावर सरकारं आली आणि गेली. पण १९९० ते २००५ या काळात राजा गादीवर होता, बहुपक्षीय संसद होती, तेव्हाही सरकारं पडतच होती. त्याच्या मागे गेलात तर गोष्ट आणखी वाईट. १९५९ मध्ये नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, नेपाळी काँग्रेसला दोन तृतीयांश बहुमत मिळालं, बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीडेक वर्षात, डिसेंबर १९६० मध्ये, राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त केलं आणि कोइरालांना तुरुंगात घातलं. पुढची तीस वर्षं राजकीय पक्षांना बंदी. १ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली, त्या दिवशी देशभरातले फोन बंद पडले होते. ज्या स्थैर्याची बैठकीला आठवण येते आहे, त्याची ही किंमत होती.

माझा प्रश्न वेगळा आहे. राजा आहे की नाही ते राहू द्या. सत्तेवरच्या माणसाला घरी पाठवायची रीत लिहून ठेवली आहे का? भूतानमध्ये आजही राजा आहे, पण २००८ च्या घटनेनुसार त्याला पासष्टाव्या वर्षी गादी सोडावी लागते. घटनाभंग केला तर संसदेच्या संयुक्त बैठकीत तीन चतुर्थांश मतांनी ठराव करून, मग जनमत घेऊन त्याला उतरवता येतं. विद्यमान राजे १९८० चे, म्हणजे २०४५ मध्ये निवृत्त. नेपाळच्या जुन्या घटनेत अशी वाट नव्हती, लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

मात्र प्रजासत्ताकालाही हे नीट जमलेलं नाही, हे बैठकीच्या बाजूने सांगायला हवं. समाजमाध्यमांवरच्या बंदीवरून तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं मेली, ९ सप्टेंबरला के. पी. ओली यांनी राजीनामा दिला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. घटनेचं ७६ वं कलम सांगतं की पंतप्रधान प्रतिनिधी सभेचा, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचा, सदस्य हवा. १३२ वं सांगतं की सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला दुसरं सरकारी पद देता येत नाही. राष्ट्रपतींनी ६१ व्या कलमाचा, म्हणजे घटनेचं रक्षण करण्याच्या आपल्या कर्तव्याचा आधार घेतला. त्या आठवड्यात दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही, पण पुढच्या कुणाला हा पायंडा वापरता येईल याची काळजी वाटते.

ग्वाल्हेरात हे स्थित्यंतर कागदोपत्री, टप्प्याटप्प्याने झालं. जिवाजीराव शिंदे १९४८ मध्ये मध्य भारताचे राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाले, १९५६ मध्ये ते पदच संपलं, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले. बैठकीतल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

प्रश्न : भूतानमध्ये खासदार व्हायला पदवी लागते म्हणतात. आपले पार्षद (नगरसेवक) बघता इथंही ही अट का नको? (मुरार)

लागते, खरं आहे. पाकिस्तानात लष्करशहा मुशर्रफांनीही २००२ च्या निवडणुकीसाठी ही अट घातली होती. परिणाम असा झाला की अनुभवी पुढारी बाद झाले आणि खोट्या पदव्यांचा बाजार फुलला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आपल्याकडे हरियाणाने पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घातली, पुरुषांना साधारणपणे दहावी, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती उचलून धरली. मला तो निकाल पटलेला नाही. शाळा देण्याचं काम सरकारचं. ते सरकारने केलं नाही आणि शिक्षा झाली ती शाळा न मिळालेल्या बाईला. आणि पदवीधर पार्षदाच्या वॉर्डातही नाले तुंबतात, हे आपण सगळे बघतोच.

भूतानचं कौतुक करताना हात जरा आखडता घ्यावा. तिथं पहिल्या फेरीत सगळे पक्ष उतरतात आणि दुसऱ्या फेरीत वरचे दोनच राहतात. पंतप्रधानपद कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही. मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याचं घटनेतच लिहिलं आहे. हे सगळं छान. पण दक्षिण भूतानातल्या नेपाळीभाषकांना १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९५८ पासूनच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले, आणि १९९० च्या आसपास त्यातल्या लाखभर लोकांना देश सोडावा लागला. नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी घेतलं. भूतानने घेतलं नाही. एखाद्या देशात नागरिकांना हक्क कोणते, हे विचारण्याआधी तिथं नागरिक कुणाला म्हणतात ते विचारावं. श्रीलंकेने १९४८ मध्ये चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांना नागरिकत्व नाकारलं होतं, त्याचा शेवटचा निकाल लागायला २००३ उजाडलं. म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्व कायदा आणि त्यातून वगळले गेलेले रोहिंग्या मुसलमान, ही त्याच माळेतली गोष्ट.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा चौकीदार नेपाळचा आहे. बारा वर्षं इथंच आहे, आधार कार्डही आहे. मतदार यादीत त्याचं नाव घालता येईल का? नसेल तर त्याला काही हक्क आहेत की नाहीत? (थाटीपूर)

नाव घालता येणार नाही. मताधिकार नागरिकालाच, हे घटनेच्या ३२६ व्या कलमात आहे. आधार हा रहिवासाशी जोडलेला आहे. नेपाळी नागरिकालाही ते कायदेशीरपणे मिळतं, पण त्यावरून तो भारतीय ठरत नाही. कुणी पार्षद 'करून देतो' म्हणाला तर त्याला नम्रपणे नको म्हणा, अडकेल तो चौकीदारच.

हक्क मात्र बरेच आहेत, आणि हे सोसायटीच्या सभेत वाचून दाखवा. कायद्यापुढे समानता (कलम १४) आणि जीविताचं, व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण (कलम २१) भारतात असलेल्या कुठल्याही व्यक्तीला आहे. कारण न सांगता त्याला अटक करता येत नाही, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. चोरी झाली की आधी चौकीदाराला कोठडीत बसवायचं, या आपल्या जुन्या खोडीला घटनेत कुठंही जागा नाही. भाषणस्वातंत्र्यासारखे एकोणिसाव्या कलमातले हक्क मात्र फक्त नागरिकांचे. आणखी एक, जे फारसं कुणाला माहीत नसतं: केंद्र सरकारच्या अनेक नोकऱ्यांना नेपाळी आणि भूतानी प्रजाजन अर्ज करू शकतात. आयएएस, आयपीएसला नाही. त्याचा मुलगा शिकत असेल तर हे त्याला जरूर सांगा.

प्रश्न : पुतणीचं लग्न नेपाळातल्या विराटनगरच्या मुलाशी ठरलंय. तिला तिथलं नागरिकत्व लगेच मिळतं म्हणे. घ्यावं का? (दौलतगंज)

आधी अभिनंदन. नेपाळी पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला अंगीकृत (जन्माने नव्हे, अर्ज करून मिळणारं) नागरिकत्व मागता येतं, त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. मात्र मूळ नागरिकत्व सोडण्याची प्रक्रिया सुरू केल्याचा पुरावा द्यावा लागतो. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. अंगीकृत नागरिकाला नेपाळात राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश अशी पदं मिळत नाहीत. भारताच्या घटनेत अशी बंदी नाही, जरी एकेकाळी आपल्याकडे या विषयावर केवढं तरी रान उठलं होतं. पुतणीला पंतप्रधान व्हायचं नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

उलट बाजू बघा. नेपाळी मुलीने भारतीय मुलाशी लग्न करून त्याला काठमांडूला नेलं, तर त्या जावयाला हा मार्ग नाही. भारतात सून असो वा जावई, नियम एकच, सात वर्षांचा रहिवास. आमच्यासारख्यांना हे चांगलंच खुपतं, आणि नेपाळातल्या बायकाही त्यावर वर्षानुवर्षं भांडताहेत. माझा सल्ला: दोन-चार वर्षं तिथं राहू द्या तिला, घाई नको. दोन्ही देशांत ये-जा करायला व्हिसा लागत नाहीच.

प्रश्न : मी एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतो. नेपाळच्या घटनेत ३१ मूलभूत हक्क आहेत, आपल्याकडे सहा गट. मग नेपाळ आपल्या पुढे म्हणायचा का? (हजीरा)

परीक्षेत आकडा लिहा, पण त्यावरून क्रम लावू नका. आपण अन्न, आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं, ज्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. नेपाळने २०१५ मध्ये हेच विषय हक्कांत घातले आणि तीन वर्षांत कायदे करायचं बंधनही घातलं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुदत संपता संपता संसदेने एकगठ्ठा कायदे मंजूर केले. घाईत केलेल्या कायद्यांचं जे होतं ते झालं. तरी मूळ कल्पना मला आवडते.

हक्क मोडला तर कुठं जायचं आणि किती दिवसांत, हे तपासा. तुमच्यावर अन्याय झाला तर कलम २२६ खाली इथल्याच ग्वाल्हेर खंडपीठात याचिका करता येते, दिल्लीला जायला नको. ठरावीक मुदत नाही, फक्त उगाच उशीर केला तर न्यायालय विचारतं. श्रीलंकेत मूलभूत हक्कांची याचिका फक्त सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे कोलंबोत, आणि एका महिन्याच्या आत. जाफन्याच्या कोळ्याला मारहाण झाली तर त्याने महिन्याभरात वकील गाठून कोलंबोला पोचायचं. शिवाय तिथं एकदा मंजूर झालेल्या कायद्याला घटनाबाह्य म्हणून आव्हानच देता येत नाही. जे काही म्हणायचं ते विधेयक असतानाच.

आणि तरीही याच दाराने एक मोठी गोष्ट झाली. १४ नोव्हेंबर २०२३ ला कोलंबोच्या त्या न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया आणि महिंदा राजपक्षे, त्यांचे भाऊ माजी अर्थमंत्री बासिल राजपक्षे आणि इतर काही अधिकाऱ्यांना देशाच्या आर्थिक कोसळण्याला जबाबदार धरलं, लोकांच्या विश्वासाचा आणि मूलभूत हक्कांचा भंग केला असं म्हटलं. शिक्षा नव्हती, याचिकाकर्त्यांना खर्चापोटी दीड लाख श्रीलंकन रुपये मिळाले, बस. पण देशाचं दिवाळं काढणं हा नागरिकाच्या हक्काचा भंग आहे, हे आपल्या भागातल्या एका सर्वोच्च न्यायालयाने लिहून दिलं. मुख्य परीक्षेच्या उत्तरात ३१ च्या आकड्यापेक्षा हे उदाहरण वापरा.

प्रश्न : पाकिस्तान आणि बांगलादेशातही आपल्यासारखीच संसदीय पद्धत आहे. मग तिथंच उलथापालथ का? (कंपू)

थोडक्यात सांगते, कारण यावर स्वतंत्र लिहायचं आहे. पाकिस्तानच्या १९७३ च्या घटनेत घटना उलथवणं हा देशद्रोह आहे. तरी १९७७ आणि १९९९ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने 'गरज होती' म्हणून ते मान्य केलं. १९९९ मध्ये सत्ता घेणाऱ्या मुशर्रफांना त्या कलमाखाली २०१९ मध्ये फाशी सुनावली गेली, पण ती २००७ च्या आणीबाणीच्या प्रकरणात, आणि तेव्हा ते दुबईत होते. नोव्हेंबर २०२५ च्या सत्ताविसाव्या दुरुस्तीने तर फील्ड मार्शल या सर्वोच्च लष्करी हुद्द्यावरच्या माणसाला आजन्म खटल्यांपासून संरक्षणच देऊन टाकलं.

बांगलादेशचं दुखणं निवडणूक कुणी घ्यायची हे आहे. तिथं १९९६ पासून निवडणुकीपुरतं निष्पक्ष काळजीवाहू सरकार असायचं. २०११ मध्ये ती तरतूद काढली, आणि २०१४ च्या निवडणुकीत विरोधकांच्या बहिष्कारामुळे ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या. निम्म्याहून जास्त मतदारसंघांत मतदानच नाही! पक्षाविरुद्ध मत दिलं की खासदारकी जाते, त्यामुळे सभागृहात आतून कुणी अडवायलाही नव्हतं. आपला पक्षांतरबंदी कायदाही याच वळणाचा आहे, हे विसरू नये.

प्रश्न : आम्ही दोघं साठीतली, विमानाने पशुपतिनाथला जाणार आहोत. आधार चालेल ना? (जयेंद्रगंज)

पासष्टच्या आत असाल तर चालणार नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. आणि काठमांडूत मोर्चा दिसला तर लांबूनच बघा: अटकेची कारणं कळण्याचा हक्क नेपाळात प्रत्येक व्यक्तीला आहे, सभा-मोर्च्यांचा मात्र फक्त नेपाळी नागरिकांना.