भावाचा अंगठा आणि डिचोलीचं घर

डिचोलीहून एका वाचकाने विचारलंय: वडील 2019 मध्ये वारले, आई 71 वर्षांची आहे. धाकटा भाऊ 36 वर्षांचा, बौद्धिक अपंगत्वाचा 75 टक्क्यांचा दाखला. घर विकायला काढलंय. भावाचा अंगठा घेऊन स्वतःच्या नावे मुखत्यारपत्र केलं, ते गिऱ्हाइकाच्या वकिलाने परत पाठवलं. आता पालकत्वाचा अर्ज आपणच करावा का?

तुम्ही नको, आईने करावा.

मुखत्यारपत्रावर फार लिहीत नाही. व्यवहार न कळणाऱ्याला करार करता येत नाही (1872 चा करार कायदा, कलम 11 आणि 12), आणि नोटरीचा शिक्का मारल्याने तो कळायला लागत नाही. तो कागद कुठेही वापरू नका. भाऊ 18 वर्षांचा झाला त्या दिवशी आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपलं. अर्ज तेव्हाच करायचा होता. तुमच्या घरी तो 18 वर्षं राहून गेला.

आता मुख्य मुद्दा. तुमचा आणि आईवडिलांचाही विवाह गोव्यात झाला आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, म्हणून अर्धं घर आईचं. वडिलांच्या उरलेल्या अर्ध्यात तुम्ही दोघे भाऊ, म्हणजे प्रत्येकी पाव. (विकताना तुमच्या पत्नीचीही सही लागेल, हे बहुतेक जण विसरतात.) वाटणीत घराची किंमत कमी धरली तर फायदा तुमचा, तोटा भावाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 4 प्रमाणे ज्याचं हित विरुद्ध आहे त्याला असं प्रतिनिधित्व करता येत नाही. नियम 7 त्याहून कडक: कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड भावाच्या बाजूने मोडता येते. पालक म्हणून सही तुमची आणि हिस्सेदार म्हणूनही तुमचीच, असा कागद कोणताही शहाणा गिऱ्हाईक घेणार नाही.

आईचाही घरात हिस्सा आहे, तेव्हा तिच्याबद्दलही कोर्ट शंका काढू शकतं. म्हणून इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारशाच्या मालमत्तेची कोर्टातून होणारी वाटणी) दाखल करतानाच भावासाठी त्या कामापुरता स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा, अशी विनंती तुम्हीच करा. उलट बाजूने मागणी येईपर्यंत थांबलात तर दोन तारखा तिथेच जातात, आणि आपल्याकडच्या दोन तारखा म्हणजे काय ते सांगायला नको. घर तुम्हालाच ठेवायचं असेल तर भावाच्या पाव हिश्श्याची रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत जाईल असा आदेश मागा.

पालकत्वाचा अर्ज 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 14 खाली, फॉर्म ए वर, पणजीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करायचा. सोबत अपंगत्वाचा दाखला, जन्मतारखेचा व राहत्या पत्त्याचा पुरावा, वडिलांचा मृत्यूदाखला आणि मालमत्तेचे कागद जोडा. पालक कशासाठी हवा, हे अर्जात नेमकं लिहा: बँक खातं, पेन्शन, उपचार, वाटणी. «सर्व कामांसाठी» असं मोघम लिहिलेल्या अर्जांवर हमखास प्रश्न निघतात. समितीची बैठक कधी लागते त्यावर वेळ ठरतो, म्हणून पोच घ्या आणि पाठपुरावा लेखी करा.

पालकत्वाचा दाखला मिळाला की कपाटात ठेवू नका. कलम 16 प्रमाणे नेमणुकीपासून 6 महिन्यांत भावाच्या मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी द्यायची, आणि दरवर्षीचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून 3 महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत. हिशेब नसला की पालकाला काढण्याच्या अर्जाला आयतं निमित्त मिळतं.

हा दाखला भावाची आणि त्याच्या मालमत्तेची काळजी घेण्यासाठी आहे. त्याच्या जोरावर स्थावर विकता येते का, यावर एकच उत्तर देणं धोक्याचं. कोर्टाच्या आदेशाशिवाय भावाचा हिस्सा विकू नका. आईनंतर नवी नेमणूक लागेल. वाटणी झालेली असेल तर तेव्हा तुम्ही अर्ज करायला हरकत नाही.

गिऱ्हाइकाकडून विसार घेतला असेल आणि साठेखतात 3 महिन्यांची मुदत असेल, तर ती पाळता येणार नाही. मुदतवाढ याच आठवड्यात लेखी घ्या, नाहीतर विसार परत करा.