नोरिनागाच्या आधी केइचू

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद. प्राचीन जपानी भाषेचा अभ्यास अठराव्या शतकातील जपानी विद्वान मोतोओरी नोरिनागाच्या ग्रंथांपासून सुरू करण्याचा तुझा बेत कळला. माझा आग्रह आहे की त्याआधी तू केइचू वाचावास. जपानी मनावरचा बौद्ध आणि चिनी विचारांचा पगडा दूर सारू पाहणाऱ्या नोरिनागाने ज्याला आपला पूर्वसूरी मानले, तो केइचू (१६४०–१७०१) कोयासान पर्वतावर शिकलेला, शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचा भिक्षू होता, आणि हा केवळ चरित्रातला तपशील समजून तू पुढे जाऊ नयेस.

शिंगोन परंपरेत मंत्रांच्या शुद्ध उच्चारणासाठी सिद्धम् ही भारतीय लिपी आणि तिच्यासोबत संस्कृत वर्णांची मांडणी शिकवली जात असे. जपानी पन्नास ध्वनींचा तक्ता समोर ठेव: अ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम तू बालपणी गिरवलेल्या मुळाक्षरांचाच आहे. फक्त 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह' दिसतो. 'न' आणि 'म' यांच्या मध्ये, ओष्ठ्य वर्णांच्या स्थानी, 'ह' कसा आला, हा प्रश्न स्वतःला विचार. प्राचीन काळी त्या ध्वनीचा उच्चार 'प'सारखा होता, याची खूण या क्रमात टिकून राहिली आहे. मला स्वतःला या अभ्यासात याहून सुंदर पुरावा क्वचितच आढळला.

मितोचा सरंजामी अधिपती तोकुगावा मित्सुकुनी याच्या इच्छेवरून 'मान्योशू' या प्राचीन जपानी काव्यसंग्रहावर भाष्य लिहिताना केइचूच्या लक्षात आले की मध्ययुगीन कवी तेइकाच्या नावाने चालत आलेले लेखननियम जुन्या ग्रंथांशी जुळत नाहीत. पुढे एकसारख्याच उच्चारल्या जाऊ लागलेल्या 'इ' आणि 'वि' यांची अक्षरे तिथे काटेकोरपणे वेगळी राखलेली होती, आणि तक्त्यातही त्यांना वेगवेगळी घरे होती. १६९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'वाजी शोरान्शो'मध्ये त्याने शब्दाशब्दाला जुन्या ग्रंथांचा दाखला देऊन हे मांडले. म्हणून त्याच्या व्याकरणदृष्टीचे सगळे श्रेय भारताला देण्याचा मोह मात्र टाळ. दाखले गोळा करण्याची चिकाटी त्याची स्वतःची होती.

तक्ता निर्दोषही नव्हता. त्यात 'ओ' आणि 'वो' यांच्या जागांची अदलाबदल झालेली होती, आणि केइचूनेही ती तशीच ठेवली. ती दुरुस्त केली नोरिनागाने, १७७६ मध्ये, म्हणजे भिक्षूंनी घडवलेल्या त्याच तक्त्याच्या आधारे विचार करून. हे प्रकरण मुळातून वाचशील तेव्हा त्याच्या बौद्धविरोधी विधानांकडे तू अधिक सावधपणे पाहशील.

तोवर सिद्धम्‌ची अक्षरे गिरवायला घे. देवनागरी हाताखालची असल्याने त्यांतली कित्येक तुला लवकरच ओळखू येतील.

तुझा शुभचिंतक