शौचात अंडी नाहीत, मग रक्तात खूण कशी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ६२) दोन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली दुखते व अधूनमधून ताप येतो. रक्तात इओसिनोफिल पेशी (जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बऱ्याच वाढल्या आहेत. शौचाच्या तीन तपासण्यांत काही सापडले नाही. परंतु सांगलीत केलेली लिव्हर फ्लूकची अँटिबॉडी तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली. आमच्या म्हशीलाही हाच जंत असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले होते. कोणता अहवाल खरा मानावा? हा आजार म्हशीकडून आला का? गोठ्यात उरलेले औषध चालेल का?
— एक भगिनी, पलूस, जि. सांगली

उत्तर : दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. यकृतातील हा पर्णकृमी (फॅसिओला) पोटात गेल्यावर आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो, काही आठवडे ते पोखरत हिंडतो आणि पित्तनलिकेत पोहोचून प्रौढ झाल्यावरच अंडी घालू लागतो. संसर्गापासून अंडी दिसेपर्यंत सुमारे तीन ते चार महिने जातात, म्हणजे ताप आणि दुखणे जोरात असताना शौचात अंडी नसतात. पुढेही अंडी थोडी व अधूनमधून पडत असल्याने ती निसटू शकतात. रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे कृमीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) मात्र दोन ते चार आठवड्यांतच दिसू लागतात. ती शोधण्याच्या एलायझा या तपासणी पद्धतीत कृमीने स्रवलेल्या प्रथिनांचा थर दिलेल्या खाचांमध्ये रुग्णाचे रक्तद्रव घालतात. प्रतिपिंडे त्या प्रथिनांना चिकटली, तर पुढच्या टप्प्यात रंग उमटतो.

हा रंग ‘या शरीराची या कृमीशी गाठ पडली आहे’ एवढेच सांगतो. कृमी आज जिवंत आहे की जुना संसर्ग आहे, हे त्यावरून ठरत नाही, कारण प्रतिपिंडे बरे झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय दुसऱ्या जंतांच्या प्रतिपिंडांमुळेही खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. मात्र तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत ताप, दुखण्याची जागा, इओसिनोफिल आणि हा अहवाल एकाच दिशेला बोट दाखवतात, त्यामुळे मी तो गांभीर्याने घेईन. यकृताची सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन आणि काही आठवड्यांनी पुन्हा शौचतपासणी, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवावा. शौचतपासणीपूर्वी काही दिवस त्यांनी मटणातील काळीज खाऊ नये. बाधित जनावराच्या काळजातील अंडी पोटातून तशीच बाहेर पडतात आणि संसर्ग नसतानाही अहवालात दिसतात.

म्हशीला हात लावल्याने किंवा तिचे दूध प्यायल्याने हा कृमी येत नाही. तिच्या शेणातील अंडी पाण्यात गेली की त्यातून निघालेली पिल्ले गोगलगायीत वाढतात, बाहेर पडून पाणगवतावर वा पाणभाजीवर कोष करून बसतात, आणि ती भाजी कच्ची खाणाऱ्याच्या किंवा ते पाणी न उकळता पिणाऱ्याच्या पोटात जातात. सासरे शेतात पाटाचे पाणी ओंजळीने पितात का, हे जरूर विचारा. आपल्याकडे रुग्ण स्वतःहून ते क्वचितच सांगतो.

गोठ्यातील औषध मात्र देऊ नका. या आजारावर ट्रायक्लाबेंडाझोल हे परिणामकारक औषध जनावरांनाही दिले जाते, पण माणसासाठी त्याची मात्रा वजनानुसार डॉक्टरच ठरवतात. इतर अनेक पर्णकृमींवर चालणारे प्राझिक्वांटेल या कृमीवर भरवशाचे नाही. उपचारानंतर महिन्याभरातच अँटिबॉडी तपासणी पुन्हा करून ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. त्या वेळी इओसिनोफिलचे आकडे उतरत आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.