जुन्या लॅपटॉपवर पृथ्वीगोल हवाय? आधी मार्बल लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, नेट येतं-जातं, आणि मुलांना भूगोल शिकवायला गुगल अर्थसारखं पण मुक्त स्रोत असलेलं काहीतरी हवंय.

तुमच्यासाठी मार्बल, म्हणजे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाचा पृथ्वीगोल. मी ते बरीच वर्षं वापरतोय आणि अशा मशीनवर दुसरं काही सुचवणार नाही. मार्बल 2006 पासून आहे आणि लिनक्स, विंडोज दोन्हींवर चालतं. गोल फिरवायला त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, चित्र काढायचं काम प्रोसेसरच करतो. अॅटलास नावाचा नकाशा सोबतच येतो, म्हणजे डोंगर, नद्या, देशांच्या सीमा आणि मोठी शहरं नेट बंद असतानाही दिसतात.

एक अपेक्षा मात्र आधीच बाजूला ठेवा. घराचं छप्पर ओळखू येईल असं उपग्रहचित्र यात मिळणार नाही. सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी तशी बारीक चित्रं बहुतेक खासगी कंपन्यांच्या मालकीची असतात आणि ती फुकट वाटता येत नाहीत. मार्बलमधलं उपग्रहचित्र नासाच्या ब्लू मार्बल मालिकेतलं आहे. खंड, वाळवंटं, बर्फाचे प्रदेश दाखवायला ते उत्तम, गल्ली शोधायला निरुपयोगी. गल्ल्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाची, थीम निवडा. तिला नेट लागतं, पण एकदा पाहिलेला भाग कॅशेत, म्हणजे लॅपटॉपवरच्या तात्पुरत्या साठ्यात, राहतो. वर्गात जाण्याआधी घरी तो भाग एकदा नजरेखालून घाला, मग वर्गात ‘वर्क ऑफलाइन’ करा.

इथेच लोक चुकतात, मीही चुकलो होतो. मेनूत ‘डाउनलोड रीजन’ दिसलं की अख्खा प्रदेश खोल झूमपर्यंत उतरवून ठेवायचा मोह होतो. हा नकाशा 256 बाय 256 पिक्सेलच्या चौकोनी टाइल्सचा असतो. झूम एका पायरीने वाढला की टाइल्स चौपट होतात. सगळ्या जगासाठी शून्याव्या पातळीला एक टाइल, दहाव्या पातळीला 10,48,576 आणि अठराव्या पातळीला 6,800 कोटींहून जास्त! माझी डिस्क रात्रीतून भरली आणि एका नकाशा-सर्व्हरने मला अडवलं, ते योग्यच होतं. ओपनस्ट्रीटमॅपचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि घाऊक उतरवणं त्यांच्या नियमांत बसत नाही. कृपया हे पाळा.

ऑफलाइन सविस्तर नकाशा खरंच हवा असेल तर टाइल्सच्या मागे न लागता मूळ डेटा घ्या आणि क्यूजीआयएसमध्ये उघडा. क्यूजीआयएस हा पृथ्वीगोल नाही, नकाशे तयार करायचं हत्यार आहे, आणि शिकायला वेळ मागतं. सुरुवातीला नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-संग्रहाचा डेटा घ्या. तो सार्वजनिक मालकीचा आहे, आणि 1:11 कोटी प्रमाणाचा संच इतका हलका आहे की तुमच्या लॅपटॉपवर सहज उघडेल. नासाचं वर्ल्डविंड कुणी सुचवेल, पण ते आता मुख्यतः प्रोग्रामरांनी स्वतःच्या अॅपमध्ये वापरायचं साधन आहे. तुमच्या कामाचं नाही.

आता शिकवण्याबद्दल, कारण मार्बलची खरी गंमत तिथे आहे. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, बदलायची सोय आहे. मर्केटर हे नेहमीचं सपाट प्रोजेक्शन लावा आणि मुलांना ग्रीनलंड व आफ्रिका यांत मोठं कोण ते विचारा. दोन्ही जवळपास सारखे दिसतात. मग त्याच क्षणी गोल लावा. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे 14 पट आहे, हे सांगावं लागत नाही, पोरंच ओरडतात. ‘सन कंट्रोल’मध्ये सूर्याची सावली सुरू करा आणि तारीख 21 जून, मग 21 डिसेंबर करून बघा. उत्तर ध्रुव आधी पूर्ण उजेडात, नंतर पूर्ण अंधारात. आस कलण्याचा धडा मी फळ्यावर कितीदा काढला असेल, पण या दोन चित्रांइतका तो कधी पोचला नाही.

आणि एक आवडता प्रयोग. माद्रिद आणि बीजिंग दोन्ही साधारण 40 अंश उत्तरेवर आहेत. मोजपट्टीने दोन्ही बिंदू जोडा. सपाट नकाशावर वाटतं की रेषा आडवी जाईल, पण मार्बल सर्वांत जवळची वाट म्हणून ती रशियावरून, जवळजवळ 59 अंशांपर्यंत वर नेतं. मुलं म्हणतील की सॉफ्टवेअर चुकलं. लगेच उत्तर देऊ नका, त्यांना गोल फिरवू द्या आणि रेषेच्या बरोबर वरून बघायला सांगा.

मार्बल लावताना काही अडलं तर कोणती सिस्टीम आहे ते लिहा, पाहून सांगतो.