आयरिश युद्धकविता वाचायची तर आधी क्रियापद बघा

आयरिश भाषेतली युद्धकविता वाचायला सुरुवात करताना ती कवी ओन ओ तूरिश्क यांच्या हिरोशिमावरच्या 'आफ्रन न मारव'ने (१९६४) करू नका. कविता थोर आहे, पण ती मृतांसाठीच्या कॅथलिक प्रार्थनाविधीच्या क्रमाने जाते; तो माहीत नसेल तर दमछाक होते. आधी पंधरा दिवस राडिओ न गेलतख्ता या आयरिश भाषेतल्या रेडिओ केंद्राच्या बातम्या ऐका. दूरच्या युद्धाची बातमी आली की 'मारीऊ' कानावर पडेल: मारण्यात आलं. कोणी मारलं, हे सांगायची या रूपाला गरजच नाही. कवितेत ते दिसलं की थांबा. कवीने बातमीची भाषा जशीच्या तशी ठेवलीय, की पुढच्या ओळीत कर्ता आणून उभा केलाय? अनुवादात 'मेले' लिहिणं ही सर्रास होणारी चूक; मारणाराच गायब होतो. 'मारण्यात आले'ला सरकारी वास येतो, येऊ द्या, तोच हवाय.

दुसरी अडचण आकड्यांची. माणसं मोजायला आयरिशमध्ये दोनपासून दहापर्यंत वेगळे शब्द आहेत: 'त्र्यूर' म्हणजे तिघं, 'शाख्तर' म्हणजे सात जण. इथे इंग्रजीपेक्षा मराठी जास्त कामाला येते. तेव्हा 'तीन ठार' नको, 'तिघं'च लिहा.

उच्चार अडला तर 'त्यांगलन' या ऑनलाइन कोशात तो आयरिशच्या तिन्ही मुख्य बोलींत ऐकता येतो.